विश्लेषण : जादूने सगळे बरे झाले, मग नायक अंधच का राहिला?

राजा आर्थरच्या दंतकथेवर बेतलेल्या ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ (१९९८) या अ‍ॅनिमेशनपटाच्या शेवटी जादूची एक लाट उसळते आणि जवळपास सगळ्यांची दुखणी दूर होतात. नायकाची दृष्टी मात्र परत येत नाही. हा शेवट वेगळा का ठरतो आणि पुण्याशी नाते असलेल्या दोन चित्रपटांनी हाच प्रश्न कसा हाताळला, याविषयी...

चित्रपटाची गोष्ट काय?

वॉर्नर ब्रदर्सचा हा चित्रपट फ्रेडरिक डू शाऊ यांनी दिग्दर्शित केला. व्हेरा चॅपमन यांच्या कादंबरीचा त्याला सैलसा आधार आहे. आर्थरच्या दरबारातील बंडखोर सरदार रुबर याचा गादीवर डोळा असतो. राजाची ‘एक्सकॅलिबर’ ही तलवार चोरीला जाते आणि घनदाट जंगलात हरवते. राजाला वाचवताना मारल्या गेलेल्या सरदाराची मुलगी केली ती शोधायला निघते. जंगलात तिला एकटा राहणारा गॅरेट भेटतो. तो पूर्वी कॅमेलॉटच्या तबेल्यात काम करत असे. तबेल्याला आग लागली तेव्हा घोडे वाचवताना त्याची दृष्टी गेली. आता कानांवर भिस्त ठेवून, काठीच्या आधाराने आणि एका पाळीव ससाण्याच्या इशाऱ्यांवर तो जंगलात वावरतो.

शेवटी नेमके काय घडते?

आर्थरच्या कथेत दगडात रुतलेली तलवार जो उपसतो तो राजा ठरतो. या चित्रपटाचा शेवट नेमका उलटा आहे. रुबर जादूच्या काढ्याने एक्सकॅलिबर स्वतःच्या हाताला कायमची जोडून घेतो आणि कॅमेलॉटवर चाल करून जातो. केली आणि गॅरेट त्याला त्याच दगडापाशी आणतात. रुबर वार करतो, दोघे ऐनवेळी बाजूला होतात आणि तलवार दगडात रुतते. हात तलवारीला जोडलेला असल्याने रुबरला सुटता येत नाही. दगडातून निघालेल्या जादूच्या लाटेत तो नष्ट होतो.

तीच लाट पुढे पसरते. रुबरने शस्त्रांत बदललेली माणसे पूर्ववत होतात. राजाची जखम भरून येते. एका धडावर दोन डोकी असलेला ड्रॅगन विभागला जाऊन दोन स्वतंत्र ड्रॅगन होतात. गॅरेट मात्र होता तसाच राहतो.

त्याचे डोळे बरे का होत नाहीत?

चित्रपट याचे कारण सांगत नाही, पण उत्तर ड्रॅगनच्या प्रसंगात सापडते. आयुष्यभर वेगळे होण्यासाठी भांडणारी ती दोन डोकी सुटका झाल्यावर पुन्हा एकत्र राहणेच पसंत करतात. जी गोष्ट आतापर्यंत व्यंग म्हणून दाखवली, तीच त्यांना आपली वाटते. गॅरेटची कामगिरीही जादूच्या लाटेआधीच पूर्ण झालेली असते. पुढे आर्थर केलीबरोबर त्यालाही राऊंड टेबलच्या सरदारांत स्थान देतो. त्यासाठी त्याला आधी डोळस व्हावे लागत नाही.

आपल्याकडे काय दिसते?

आपल्या प्रेक्षकांना सवय आहे ती चमत्काराची. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) निरुपा रॉय यांनी साकारलेल्या आईची दृष्टी साईबाबांच्या मंदिरात परत येते. प्रसंग मनाला भिडतो, यात शंका नाही. पण असे शेवट वारंवार दिसले, की सुख म्हणजे दृष्टी परत येणे, असे समीकरण पक्के होते. पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना अशा शेवटात आपली जागा कुठे सापडावी?

पुण्याचा संबंध काय?

पुण्याच्या सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मध्ये (१९८०) नसीरुद्दीन शाह यांनी अंधशाळेच्या दृष्टिहीन मुख्याध्यापकाची भूमिका केली. तिथे पेच दृष्टीचा नाही, स्वाभिमानाचा आहे. मदत कुठे संपते आणि कीव कुठे सुरू होते, यावर नायक-नायिकेत ताण येतो. शेवटी बदलते ते त्यांचे नाते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित आहे. त्यामागे पुण्यातील खरी घटना आहे. डोळ्यांच्या कर्करोगातून नातवाचा जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार, हे आजोबांना कळते. शस्त्रक्रियेआधी ते नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि डोळे भरून जग दाखवतात. चमत्कार होत नाही. मुलगा काळा चष्मा लावून गावी परततो. ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला.

न्यायालय काय म्हणते?

‘आंख मिचोली’ या चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. दिव्यांगांची खिल्ली उडवणारा विनोद आणि त्यांचे जगणे समजावून देणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला. दिव्यांग व्यक्तींना निर्मितीत सहभागी करून घ्यावे, असेही सांगितले. दृष्टिहीन व्यक्तीची इतर ज्ञानेंद्रिये विलक्षण तीक्ष्ण असतात, हे चित्रण सर्वांना लागू होत नाही. अशी खास शक्ती नसलेली व्यक्ती त्यामुळे उणी ठरते, याकडेही निकालाने लक्ष वेधले.

या कसोटीवर गॅरेटही पूर्णपणे उतरत नाही. पानांच्या सळसळीवरून वार चुकवणारा नायक पडद्यावर शोभतो. प्रत्यक्षात दृष्टिहीन माणसाला पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाकींमधून वाट काढायची असते. चित्रपट तिकीटबारीवर पडला आणि त्यात त्रुटीही बऱ्याच आहेत. तरी सगळी जादू हाताशी असताना नायकाला ‘दुरुस्त’ न करण्याचा निर्णय १९९८ मधल्या एका बालचित्रपटाने घेतला. घरातल्या मुलांनी तो पाहिला, तर गॅरेटला शेवटी दिसायला का लागले नाही, असे ती नक्की विचारतील. त्या गप्पांसाठी ‘स्पर्श’ आणि ‘श्वास’ हाताशी आहेत.