वीज कोणाची, भार कोणाचा?

डहाणूच्या खाडीकाठच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 500 मेगावॅट आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या केंद्राची वीज उच्चदाब वाहिन्यांवरून मुंबईच्या उपनगरांकडे जाते. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांचा पुरवठा महावितरणकडे. राख आणि धूर यांचा शेजार तेवढा डहाणूच्या वाट्याला आला. 1991 मध्येच केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला होता. तरी धुरातील गंधक काढणारे संयंत्र सुरू व्हावयास 2007 साल उजाडावे लागले.

हा विषम वाटा जुन्या परवाना पद्धतीतला. 2003 च्या वीज कायद्याने त्यात बाजाराची भर घातली. 1 मेगावॅटहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकास पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली. स्पर्धेने दर उतरतील, हा त्यामागील युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु मोठा उद्योग चढा दर देतो, म्हणूनच लहान ग्राहकास स्वस्त वीज देता येते. तो बाहेर पडला की त्याचा भार मागे उरलेल्यांवर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी कायद्यात अधिभार आहे. पण तो क्रमाक्रमाने कमी करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

एका दिव्याच्या घराला निवडीचे स्वातंत्र्य कसले? पावसाळा सरला की या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. घराला कुलूप, दिवा बंद. तरी बिलातील स्थिर आकार चढतच राहतो. दर सवलतीचा असला, तरी थकबाकी साचते आणि 15 दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो. ती नोटीस वाचावयास घरात कोणी नसते. परतल्यावर मुलांचा अभ्यास सूर्यास्ताबरोबर संपतो.

बाजार सर्वस्वी मोकळा सोडला तर काय होते, हे अमेरिकेतील टेक्सासने फेब्रुवारी 2021 मध्ये पाहिले. कडाक्याच्या थंडीत विजेचा घाऊक दर युनिटला 9 डॉलरवर गेला, लाखो घरे अंधारात राहिली आणि 200 हून अधिक माणसे दगावली.

बंद घराचा स्थिर आकार स्थगित ठेवणे आणि लहान ग्राहकाचे रक्षण करणारा अधिभार टिकविणे, हे शासनाच्या व नियामक आयोगाच्या आवाक्याबाहेरचे नाही. 1945 मध्ये याच मुलखातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. वेठ म्हणजे दुसऱ्याच्या सुखासाठी मोबदल्यावाचून वाहिलेला भार. तो विजेच्या तारांवरून परत येणार नाही, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे.