पेटीतली पेटी आणि यंत्राचा हिशेब

बाजारात माल मोजताना आपण पुष्कळसे हिशेब मनातल्या मनात उरकतो. एका क्रेटचे वजन २० किलो आणि दुसऱ्याचे २०.७ भरले, तर बेरजेच्या वेळी आपण पहिल्याला २०.० मानतो, तसे बोलून दाखवत नाही. संगणकाच्या अनेक भाषाही हेच करतात. पूर्णांकाचा दशांश अपूर्णांक गुपचूप होतो. व्याकरणातला शब्द घेऊन याला ‘अध्याहृत रूपांतर’ म्हणू.

अडचण येते ती पेटीत पेटी आली म्हणजे. जुन्नरमधले नारायणगाव किंवा आंबेगावातले मंचर घ्या. बाजारात दिवसभरात आलेल्या टेम्पोंची एक यादी. प्रत्येक टेम्पोच्या पोटात क्रेटच्या वजनांची दुसरी यादी. वजने पूर्णांकात लिहिलेली, आणि सरासरी काढणाऱ्या फलनाला दशांश हवेत. इथे यंत्र अडते. का बरे? त्याला आकडा बदलण्याचा नियम ठाऊक आहे, यादी बदलण्याचा नाही. आणि ते आपल्यासारखे समजून घेत नाही.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये यावर दोन उपाय आहेत. पहिला ‘मॅप’: पेटी तशीच ठेवून आतल्या प्रत्येक वस्तूला तीच क्रिया लावायची. पेट्या दोन, म्हणून मॅपच्या पोटात मॅप. दुसरा उपाय असा, की एकच नियम सांगून ठेवायचा: ‘वस्तू बदलता येत असेल, तर त्या वस्तूंची यादीही बदलता येते.’ शिक्षकबंधूंना यात गणिती विगमनाची पायरी दिसेल. आकड्यावरून यादी, यादीवरून याद्यांची यादी. स्काला भाषेत हा नियम यंत्र आपण होऊन दोनदा लावते.

सोय मोठी, पण धोकाही तिथेच आहे. समजा, कोणी उलटा नियम लिहिला: दशांश टाका, पूर्णांक ठेवा. २०.७ चे २० झाले. असे ५० क्रेट असतील, तर ३५ किलो माल कागदावरून नाहीसा! आणि प्रोग्रॅममध्ये त्या जागी एक अक्षरही दिसत नाही. म्हणूनच २०२१ च्या स्काला ३ मध्ये अशा रूपांतरासाठी बहुतेक ठिकाणी आधी लेखी परवानगी लिहावी लागते, नाहीतर यंत्र इशारा देते. १९९० पासूनच्या हास्केल भाषेत तर संख्येचे असे गुपचूप रूपांतर होतच नाही.

तेव्हा मुलांना एवढे सांगा: ज्या रूपांतरात काही गळत नाही, ते अध्याहृत राहिले तरी चालेल, ज्यात गळते, ते लिहूनच करावे.