नावेवरचा तिरंगा आणि २०७ फुटांचा खांब

काशीतल्या दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या मराठी माणसाला परक्या वाटत नाहीत. १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी हा घाट बांधून घेतला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी तो वाढवला. समजा, २६ जानेवारीला इथल्या एका नाववाल्याने हौसेने नावेच्या कडेवर तिरंगा चादरीसारखा पसरला आणि मुद्दाम त्याचं टोक गंगेत लोळू दिलं. काठावरचे लोक कौतुकाने फोटो काढतील. कायद्याच्या लेखी मात्र नावेवर ध्वज पांघरणं आणि तो जाणूनबुजून पाण्यात ओढत नेणं, दोन्ही अवमानच. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची कैद आहे.

घाटाकडून दक्षिणेला गेलं की लंका लागते. हे नाव रामलीलेतून आलेलं, रावणाचा तेवढाच संबंध. तिथेच बनारस हिंदू विद्यापीठाचं सिंहद्वार आहे. विद्यापीठावर तिरंगा असावा की नसावा, हा वाद देशात जिथे जिथे रंगतो तिथे नाववाल्याची चूक कुणाच्या डोळ्यांत येत नाही, आणि जे कायद्यात नाहीच ते हमखास कायद्याच्या नावावर खपवलं जातं.

त्यातलं पहिलं म्हणजे, प्रत्येक विद्यापीठाने रोज ध्वज लावलाच पाहिजे असा कायदा आहे, हे. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता शिक्षणसंस्थांबाबत एवढंच म्हणते की ध्वजाविषयी आदर रुजावा म्हणून तो तिथे फडकवता येईल. ‘येईल’, ‘आलाच पाहिजे’ नव्हे. शाळेतल्या समारंभाचं वर्णन मात्र ती अगदी कवायतीच्या मास्तरांसारखं करते: चौकोनाच्या तीन बाजूंना मुलं, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ आणि मुख्याध्यापक त्याच्यामागे तीन पावलांवर.

मग शीर्षकातले २०७ फूट कुठून आले? १८ फेब्रुवारी २०१६ रोजी सूरजकुंडला केंद्रीय विद्यापीठांच्या कुलगुरूंची बैठक झाली. तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्री होत्या स्मृती इराणी. सर्व केंद्रीय विद्यापीठांत तेवढ्या उंचीवर तिरंगा लावायचा, असं तिथे ठरलं. बनारस हिंदू विद्यापीठ केंद्रीय, म्हणून तेही त्यात आलं. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधला ध्वजस्तंभ नेमका २०७ फुटांचा आहे, तो आकडा तोवर लोकांच्या तोंडी होता. ध्वजसंहितेत खांबाच्या उंचीचा असा आकडा नाही. ध्वजाची लांबी आणि रुंदी ३:२ या प्रमाणात हवी, हे मात्र तिने पक्कं बांधून दिलं आहे. उंचीवरच मान ठरत असता, तर कोल्हापूरच्या ३०३ फुटी खांबाने दिल्लीला केव्हाच मागे टाकलं असतं!

या ठरावाआधी विद्यापीठांत तिरंगा नव्हताच, हा समज तर आणखी गमतीचा. जिथे पहिला उंच खांब उभारायचं ठरलं त्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीवर ध्वज आधीपासून फडकत होता.

सामान्य माणसाला वर्षभर ध्वज लावायची मोकळीक मिळाली, तिच्या मुळाशीही एक विद्यापीठ आहे. नवीन जिंदल टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या शाखेत शिकत होते. अमेरिकेत लोक आपला ध्वज सहज लावतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. परत आल्यावर रायगढच्या (आपला रायगड नव्हे, छत्तीसगडमधलं शहर) कारखान्यात त्यांनी तिरंगा लावला, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. तेव्हाच्या नियमांत खासगी माणसाला ठरावीक दिवसांपुरतीच मुभा होती. प्रकरण कोर्टात गेलं. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने ध्वज फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे कलम १९(१)(अ) चा भाग आहे. तो अमर्याद मात्र नाही. ध्वज लावणं हा हक्क आहे, हे एकदा कळलं की सक्तीचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. हक्काला हुकमाचं रूप दिलं की त्याची चव जाते.

आणि विद्यार्थ्यांना ध्वजाची ओढ हुकमाने लागली, असं इतिहासही सांगत नाही. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह परकीय सरकारची बंदी मोडण्यासाठी होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंगा घेतलेल्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. काशीतच १९२१ मध्ये सरकारी मदत नाकारून काशी विद्यापीठ उभं राहिलं.

ध्वजाचे किरकोळ नियम मात्र वरचेवर बदलत गेलेत, म्हणून जुनी माणसं चुकतात. ध्वज खादीचाच हवा, हे डिसेंबर २०२१ पर्यंत खरं होतं. त्यानंतर पॉलिएस्टर आणि यंत्रावर बनवलेलं कापडही चालतं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आजही खादीचे ध्वज तयार होतात, हे तरीही लक्षात ठेवण्याजोगं. सूर्यास्ताला उतरवण्याची अट जुलै २०२२ मध्ये सैल झाली, उघड्यावरचा ध्वज आता रात्रीही राहू शकतो. खांबावर हार घालू नये, पण ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. विद्यापीठाचा स्वतःचा झेंडा असेल तर तो त्याच खांबावर लावता येत नाही.

राहिला फाटलेला ध्वज. उंच खांबावरचं मोठं कापड वाऱ्याने फाटतं आणि फाटका ध्वज लावणं नियमाविरुद्ध, म्हणून खांब उभारणाऱ्याने बदलीच्या कापडाची सोयही करायला हवी. उतरवलेल्या ध्वजाचं काय करायचं, तर काशीत सुचतं ते गंगार्पण. संहितेला ते अभिप्रेत नाही. ध्वज संपूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून नष्ट करावा, असं ती सांगते. दशाश्वमेधपासून मणिकर्णिकेचा स्मशानघाट चालत काही मिनिटांवर आहे. पण तिथली गर्दी पाहता तेही खासगी ठिकाण म्हणता येणार नाही.