मोटोक्रॉस मोटारसायकली, जुन्या

नैसर्गिक चढउतार, वळणे, चिखल व उंचवटे असलेल्या बंद मार्गावर ठराविक वेळ वा ठराविक फेऱ्या धावावयाच्या मोटारसायकल शर्यतीस मोटोक्रॉस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत या शर्यतींसाठी बनविलेली किंवा बदलून घेतलेली यंत्रे आता खास जुन्या यंत्रांसाठी भरविल्या जाणाऱ्या शर्यतींत धावतात. अशा शर्यतीसाठी यंत्र निवडताना वेगवेगळ्या काळांतील मोटारसायकलींची तुलना करावी लागते. ती नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यांवरून केल्यास फसवी ठरते.

या खेळाचा उगम इंग्लंडमध्ये झाला. सरे परगण्यातील कँबर्ली येथे १९२४ मध्ये झालेली ‘स्क्रॅम्बल’ ही या प्रकारातील पहिली शर्यत मानतात. ‘मोटोक्रॉस’ हे नाव मात्र फ्रेंच भाषिकांनी रूढ केले. ५०० घ. सेंमी. गटाची जागतिक विजेतेपद स्पर्धा १९५७ मध्ये व २५० घ. सेंमी. गटाची १९६२ मध्ये सुरू झाली. आरंभी बीएसए, मॅचलेस, एजेएस अशा ब्रिटिश कारखान्यांच्या चार धावांच्या जड मोटारसायकलींचे वर्चस्व होते. जेफ स्मिथ यांनी १९६४ व १९६५ मध्ये बीएसएवर ५०० घ. सेंमी. गटाचे विजेतेपद मिळविले. परंतु १९६६ पासून सलग तीन वर्षे ते पाउल फ्रीड्रिख्स यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या चेझेट या दोन धावांच्या मोटारसायकलीवर जिंकले आणि झडपांचा पसारा नसलेले हलके एंजिन अशा मार्गावर अधिक उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले. २५० घ. सेंमी. गटात स्वीडनची हुस्कव्हार्ना आणि चेझेट यांची चुरस होती. बेल्जियमचे जोएल रोबेर यांनी चेझेटवर तीन व १९७० पासून सुझुकीवर आणखी तीन विजेतेपदे मिळविली.

यानंतरचा बदल एंजिनात नव्हे, तर धक्काशोषकांत झाला. १९६० च्या दशकात मागचे चाक सांगाड्याच्या सापेक्ष सु. १० सेंमी. वरखाली होऊ शके. या मर्यादेला चाकाची चाल म्हणतात. यामाहाने मागील दोन धक्काशोषकांऐवजी एकच लांब धक्काशोषक टाकीखाली बसविला व १९७३ मध्ये हाकान आंडेर्सन यांनी अशा यंत्रावर २५० घ. सेंमी. गटाचे विजेतेपद जिंकले. तेथून काही वर्षांतच चाल ३० सेंमी.च्या आसपास गेली. परिणामी उंचवट्यावरून हवेत उडालेला स्वार पूर्वी जेथे वेग कमी करून मागचे चाक आधी टेकवीत असे, तेथे त्याला न थांबता पुढे जाता येऊ लागले. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या शर्यतींत गट पाडताना अनेक देशांत वर्षाइतकेच महत्त्व चालीला देतात. अमेरिकेत जुन्या गटांसाठी पुढे ७ इंच (सु. १८ सेंमी.) व मागे ४ इंच (सु. १० सेंमी.) ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या एका गटात एंजिनाला पाण्याचे शीतन, चकती ब्रेक आणि मागील धक्काशोषकाची सांधेजोड यांना मज्जाव असतो. ही बंधने क्षुल्लक वाटतात, पण त्यांच्याशिवाय १९६८ च्या यंत्राला १९८२ च्या यंत्राशेजारी उभे करण्यात अर्थ नाही. शर्यतीचा मार्गही त्यास अनुरूप, म्हणजे गवताळ व नैसर्गिक असावा लागतो. कृत्रिम उड्यांच्या मार्गावर जुना सांगाडा तडकतो.

महाराष्ट्रात ही तुलना वेगळ्या पायावर करावी लागते. १९८० च्या दशकापर्यंत परदेशी मोटारसायकलींच्या आयातीवर कडक परवाना-निर्बंध होते आणि खास मोटोक्रॉससाठी बनविलेले यंत्र देशात तयार होत नसे. त्यामुळे पुणे, नाशिक, कोल्हापूर इ. ठिकाणच्या मातीच्या मार्गांवर धावली ती मुख्यतः रस्त्यावरची, बदलून घेतलेली मोटारसायकल. दिवे, आरसे व मडगार्ड काढणे, रुंद व उंच हँडल आणि खोल खाचांचे टायर बसविणे, मागचे दंतचक्र मोठे करणे, सांगाड्याच्या जोडांवर पत्र्याचे त्रिकोण वितळजोड करणे, सिलिंडरमधील मार्ग कानशीने घासून उंच करणे व सायलेन्सरच्या जागी फुगीर प्रसरण-कोठी लावणे, हे नेहमीचे फेरफार होत. प्रसरण-कोठीत बाहेर जाणाऱ्या वायूची दाबलहर परत फिरते व निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. मात्र हे एका ठराविक वेगपट्ट्यातच साधते, त्याखाली एंजिन गळून पडते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनविलेली जावा २५० (१९७३ नंतर येझदी) ही या यंत्रांतील सर्वांत जुनी महत्त्वाची मोटारसायकल होय. तिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. आहे. धाव लांब असल्याने शक्ती (सु. १२ अश्वशक्ती) कमी फेऱ्यांतच मिळते व चिखलात चाक न घसरता ओढ टिकते. गिअरचा पाय दाबताच क्लच आपोआप सुटतो, ही सोयही खडकाळ चढावर मोलाची. तिची दोन सायलेन्सरांची रचना जुन्या जोड-नळीच्या चेझेटची आठवण करून देते व दोन्ही एकाच चेक परंपरेतील आहेत; पण या साम्यावरून तिला विजेत्या चेझेटची बहीण म्हणणे हौशी अतिशयोक्ती ठरेल. जावाची चाके १६ इंचांची, तर मोटोक्रॉस यंत्राचे पुढचे चाक बहुधा २१ इंचांचे असते. लहान चाक दगडाला अडते आणि एंजिनाचे बूडही जमिनीला लागते. १९७८ मध्ये आलेल्या येझदी रोडकिंगची चाके १८ इंचांची व शक्ती सु. १६ अश्वशक्ती असल्याने ती अधिक सोयीची. तिचा दोष म्हणजे सु. १४० किग्रॅ. वजन. होंडाने १९७३ मध्ये विक्रीस आणलेल्या एल्सिनोर या त्याच आकारमानाच्या मोटोक्रॉस यंत्राचे कोरडे वजन सु. ९७ किग्रॅ. व शक्ती २९ अश्वशक्ती होती, यावरून अंतर ध्यानात येईल. राजदूत १७५ दणकट परंतु मंद. राजदूत ३५० वेगवान असली, तरी तिची जागा डांबरी धावपट्टीवर आहे.

१९८५ नंतर जपानी सहकार्याने निघालेल्या १०० घ. सेंमी.च्या मोटारसायकलींनी चित्र पालटले. यामाहा आरएक्स १०० मध्ये व्यास व धाव दोन्ही ५० मिमी., पात्याची झडप, सु. ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १०० किग्रॅ. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कारखान्याची कावासाकी बजाज केबी १०० (१९८६) व नंतरची सुझुकी शोगन (१९९३) याच वर्गातील. हलकेपणामुळे स्वाराला ती अंगाने वळविता येते. मात्र शक्ती वरच्या फेऱ्यांत एकवटलेली असल्याने गिअर सतत बदलावे लागतात. नवशिक्याला जावा अधिक क्षमाशील, तर कोरड्या वळणदार मार्गावर निष्णात स्वाराला आरएक्स अधिक फलदायी, असा निवाडा करण्यास हरकत नाही. वंगणाच्या बाबतीतही भेद आहे. जावाच्या पेट्रोलमध्ये तेल हाताने मिसळावे लागते. यामाहात ते पंपाने वेगळे जाते. मिश्रण चुकल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो. त्यानंतर सिलिंडर बोअर करून मोठा दट्ट्या बसविणे किंवा नवी स्लीव्ह ठोकणे एवढाच मार्ग उरतो. मुंबईत असे काम मरोळ–साकीनाका भागातील लेथच्या छोट्या कारखान्यांतून होऊ शकते.

भूमीचा विचार परदेशी तुलनांत आढळत नाही, तो येथे करणे अवश्य आहे. मुरमाच्या मार्गावर उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ हवेच्या गाळणीतून आत गेल्यास सिलिंडर लवकर झिजतो. पावसाळ्यात काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये दाटून चाक जखडते, म्हणून मडगार्ड उंच उचलणे भाग पडते. जावाची साखळी पूर्ण झाकलेली असते, हा मोठा गुण. पण मोठे दंतचक्र बसविताना ते आवरणच काढून टाकावे लागते.

या यंत्रांचे जतन हा आज वादाचा विषय आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व सांगाडा किंवा एंजिन यांत मोठे फेरफार न झालेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मेळाव्यांत व प्रदर्शनांतही कारखान्यातून आली तशीच मोटारसायकल नावाजली जाते. मातीत धावलेल्या जावाचा कापलेला सांगाडा, घासलेले सिलिंडर-मार्ग व घरगुती प्रसरण-कोठी या कसोटीला उतरत नाहीत. त्यामुळे मालक ती पुन्हा मूळ रूपात आणतात आणि स्थानिक मोटोक्रॉसचा जवळजवळ एकमेव भौतिक पुरावा पुसला जातो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तीत धावली ती आधुनिक, खास या खेळासाठी बनविलेली यंत्रे. हाताने बदललेल्या मोटारसायकलींचा काळ त्याआधीच संपला होता. येझदी व आरएक्स १०० या दोहोंचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि २००० सालच्या प्रदूषण-मानकांनंतर दोन धावांची एंजिने रस्त्यावरूनही हटत गेली. फेरफार केलेले यंत्र जसेच्या तसे ठेवून काढलेले मूळ भाग त्याच्यासोबत जपणे व कोणता बदल कोणत्या वर्षी केला याची नोंद ठेवणे हा मधला मार्ग काही संग्राहक अवलंबितात. १९८५ च्या आरएक्स १०० मोटारसायकलींना ‘व्हीए’ नोंदणीसाठी लागणारी ५० वर्षे २०३५ मध्ये पूर्ण होतील.