दंडातला उंदीर आणि हरवलेला ‘ई’

बाही वर सरकवा, मूठ घट्ट आवळा आणि हात कोपरात वाकवा. दंडावर काय वर आलं? बेडकुळी! आता हात हळूहळू सरळ करा, पुन्हा वाकवा. कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं आणि परत दडी मारतं. आपल्याकडे कुणाला तरी तिथे बेडूक दिसला, म्हणून ती झाली बेडकुळी. फार पूर्वी रोमच्या लोकांनीही असाच दंड फुगवून पाहिला आणि त्यांना तिथे दिसला उंदीर. कातडीखालून तुरुतुरु पळणारं उंदराचं पिल्लू. त्यांच्या लॅटिन भाषेत उंदराला म्हणत ‘मूस’ आणि छोट्या उंदराला ‘मुस्कुलुस’. हाच शब्द फिरत फिरत इंग्रजीत पोचला आणि तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात येऊन बसला. मसल, म्हणजे स्नायू!

मसलचं स्पेलिंग लिहिताना मधला ‘सी’ विसरल्यामुळे तुमचा कधी ना कधी अर्धा गुण गेला असेल. बोलताना ऐकू येत नाही, मग तो लिहायचा कशाला? तर तो ‘सी’ त्या मुस्कुलुसमधल्या ‘क’चा राहिलेला अंश आहे. ‘मस्क्युलर’ म्हणून बघा, लगेच ऐकू येतो. आणि गणपतीबाप्पाचा मूषक, रोमचा मूस आणि इंग्रजीतला माऊस हे तिघं एकाच घराण्यातले आहेत बरं का. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या बहिणी, त्यामुळे त्यांच्या घरचा उंदीरही एकच.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर असे लांबलचक इंग्रजी शब्द उमटू लागले की वहीत उतरवता उतरवता तास संपायचा. मी ते पाढ्यांसारखे पाठ करायचे. पुढे ग्रंथालयात एक जाडजूड शब्दकोश हाती लागला. त्यात प्रत्येक शब्दापुढे तो कुठून आला हे बारीक अक्षरात दिलेलं होतं. त्या दिवसापासून पाठांतर सुटलं आणि नाद लागला. कारण विज्ञानातला इंग्रजी शब्द शेंगेसारखा सोलला की आत एखादी गोष्ट निघतेच. कधीकधी तर चक्क चूक निघते! शास्त्रज्ञांची खरीखुरी, मनापासून केलेली चूक. शास्त्रज्ञांनी ती नंतर सुधारली, पण नाव तसंच राहिलं.

मलेरियाचंच घ्या. ‘माला आरिया’ हे दोन इटालियन शब्द. माला म्हणजे वाईट आणि आरिया म्हणजे हवा. इटलीत रोमच्या आसपास मोठमोठ्या दलदली होत्या. तिथे राहणाऱ्यांना थंडी वाजून ताप भरायचा आणि माणसं दगावायची. दलदलीतून कुबट वास यायचा. साहजिकच लोकांना वाटलं की ही वाईट हवाच आजार आणते. रात्रीची हवा तर त्याहून वाईट, म्हणून खिडक्या गच्च लावून झोपा! आता विचार करा, खिडक्या लावल्यावर घरात कोण येऊ शकत नव्हतं? उपाय काही प्रमाणात लागू पडत होता, कारण मात्र भलतंच सांगितलं जात होतं.

खरा गुन्हेगार सापडला तो आपल्या देशात, सिकंदराबादला. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर 1857 साली अल्मोड्याला जन्मला होता. हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म परजीवी असतात हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेरान याने 1880 साली अल्जीरियात पाहिलं होतं. पण ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? रॉसला डासांचा संशय होता. दोन वर्षं तो डास पकडत होता, रोग्यांना चाववत होता आणि मग एकेक डास सुईने उकलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. हाती काही लागत नव्हतं, कारण तो तपासत होता ते डासच वेगळ्या जातीचे होते!

1897 चा ऑगस्ट. खोलीत प्रचंड उकाडा. डोक्यावरचा पंखा ओढायला सांगायची सोय नाही, कारण वाऱ्याने उकललेले डास उडून जातील. कपाळाचा आणि हातांचा घाम ठिबकून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. शेवटचं उरलेलं नेत्रभिंग, त्यालाही तडा गेलेला. अशात त्याला ठिपकेदार पंखांचे थोडेसे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते स्वतःला चावू दिले, एका डासामागे एक आणा घेऊन. (अंगात ताप असताना डासांपुढे हात धरणाऱ्या या माणसाचं नाव मला रॉसइतकंच महत्त्वाचं वाटतं.) 20 ऑगस्टला रॉसने त्यातला एक डास उकलला. पोटाच्या भिंतीवर त्याला गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्यात काळे कण होते. अगदी तसेच कण, जसे मलेरियाच्या परजीवीत असतात. सापडला! हा ठिपकेदार डास म्हणजे आपला ॲनोफिलिस. पुढच्या वर्षी कोलकात्याला पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग करून रॉसने दाखवलं की परजीवी डासाच्या लाळेतून नव्या शरीरात शिरतात. 1902 साली त्याला नोबेल मिळालं आणि 20 ऑगस्ट अजूनही जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

एवढं होऊनही आजाराचं नाव ‘वाईट हवा’च! आपला मराठी शब्द पाहा. हिवताप, म्हणजे हिव भरून येणारा ताप. आमच्या शब्दाने कारण सांगायचा प्रयत्नच केला नाही. रोग्याला काय होतं तेवढं सांगितलं, म्हणून त्याच्यावर चुकायची वेळ आली नाही.

आता एक आणखी मोठी चूक. ती तुम्ही या क्षणी नाकाने आत घेताय.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए नावाचा अत्यंत काटेकोर रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने गंधक जाळलं, फॉस्फरस जाळला आणि जळून जे तयार झालं ते पाण्यात विरघळवलं. दर वेळी पाणी आंबट! दोन्ही वेळा जळताना हवेतला एकच वायू शोषला जात होता. लाव्हाझिएने ठरवलं की आंबटपणा जन्माला घालणारा तो हाच. ग्रीकमध्ये आंबट किंवा तिखट धारेचं म्हणजे ‘ऑक्सिस’ आणि जन्म देणारा म्हणजे ‘जेन’. झाला ऑक्सिजन, आम्लजनक.

मग 1810 च्या सुमारास इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने हायड्रोक्लोरिक आम्लाचा पिच्छा पुरवला. तुमच्या जठरात असतं ना, तेच हे आम्ल. त्यात ऑक्सिजन कुठेच सापडेना. त्यात होते फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. पुढे उमगलं की आम्लाच्या आंबटपणामागे खरा हात हायड्रोजनचा आहे. पण तोवर ऑक्सिजन हे नाव पुस्तकांत पक्कं रुजलं होतं. जर्मन लोकांनी तर त्याचं भाषांतरही करून टाकलं होतं. त्यांच्याकडे ऑक्सिजनला ‘आंबट पदार्थ’ अशा अर्थाचा शब्द आहे. जपानीत त्याला ‘सान्सो’ म्हणतात, तिथेही ‘सान’ म्हणजे आम्ल. एका माणसाची चूक किती देशांच्या शाळांत जाऊन बसली बघा. मराठीतला प्राणवायू मात्र याही वेळी सुटला, त्याने जीव जगवण्याचं काम पाहून नाव ठेवलं.

हायड्रोजनचं नाव मात्र बरोबर निघालं. हा वायू जळला की पाणी तयार होतं, म्हणून ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘जेन’ म्हणजे जन्म देणारा. आता हा ‘जेन’ जरा नीट ऐका. जन्म, जनक, जननी... ओळखीचा वाटतो ना? तो ग्रीक ‘जेन’ आणि आपला ‘जन’ सख्खे नातेवाईक आहेत. आणि पाण्याला ग्रीकमध्ये ‘हुदोर’ म्हणत. पुढचा ‘ह’ जरा बाजूला ठेवा, काय राहिलं? ‘उद’! पूजेच्या वेळी आजोबा पळीने ताम्हनात सोडतात ते उदक. इंग्रजीतलं वॉटरसुद्धा त्याच मुळाचं. हिंदीत हायड्रोजनला ‘उद्जन’ असाही शब्द आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती वेळ नुसती ‘हायड्रोजन, उद्जन, उदक’ असं पुटपुटत बसले होते. इतका परका वाटणारा शब्द आपल्या देवघरातला निघावा!

ॲटमही असाच. ग्रीकमध्ये ‘तोम’ म्हणजे कापणं आणि पुढचा ‘अ’ म्हणजे नाही. अतूट, अखंड, अशक्य यांच्यातलाच हा ‘अ’. ज्याचे तुकडे होत नाहीत तो ॲटम. रॉसला डासाच्या पोटात परजीवी दिसले त्याच 1897 साली केंब्रिजला जे. जे. थॉमसनने दाखवून दिलं की ॲटमच्या आतही आणखी लहान कण असतात. न तुटणारं तुटलं, नाव राहिलं. (हिंदी पुस्तक वाचताना मात्र सांभाळा. आपला अणू तो त्यांचा परमाणु आणि त्यांचा अणु तो आपला रेणू!)

शेवटची गोष्ट कोंबड्यांची आहे. ती मला सगळ्यांत आवडते.

1889 साल. जावा बेटावर, आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या शहरातल्या लष्करी रुग्णालयात ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होता. या आजारात पायांतलं बळ जातं आणि माणूस लुळा पडतो. आइकमानला वाटे की यामागे एखादा जंतू असणार. प्रयोगासाठी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या. एक दिवस कोंबड्याच लडखडू लागल्या. ज्यांना काहीही टोचलेलं नव्हतं त्यासुद्धा! आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. हे काय गौडबंगाल?

चौकशीअंती उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. कोंबड्यांना मधले काही महिने रुग्णालयातला उरलेला भात घातला जात होता. लष्करी रुग्णालयातला तांदूळ म्हणजे चांगला सडून पांढराशुभ्र केलेला. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना घालायला त्याने नकार दिला, त्यामुळे त्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या खडखडीत बऱ्या झाल्या. औषध कोंड्यात होतं! कोकणातल्या एखाद्या आजीला विचारा, हातसडीच्या तांबूस तांदळाची पेज आजारी माणसाला का द्यायची ते. आइकमानला मात्र आधी वाटलं की पांढऱ्या तांदळात विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याच्यानंतर काम हाती घेणाऱ्या ग्राइन्सने सांगितलं की विष वगैरे काही नाही, शरीराला लागणारी एक गोष्ट पांढऱ्या तांदळात कमी पडते.

ती गोष्ट कोंड्यातून वेगळी काढायच्या खटपटीत लंडनला काझिमिर फुंक हा पोलिश रसायनशास्त्रज्ञ होता. त्याला ती ‘अमाइन’ गटातली वाटली. अमोनियाच्या नात्यातले, नायट्रोजन असलेले पदार्थ म्हणजे अमाइन. (अमोनिया हे नाव इजिप्तच्या आमोन देवावरून आलंय. त्याच्या देवळाजवळ जो क्षार मिळे म्हणतात, तो आपल्याकडे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. भांडं तापवून नवसागर टाकला की पांढऱ्या धुराबरोबर नाकात झणझणतो तो अमोनियाच.) फुंकला वाटलं की जगायला लागणारे असे सगळेच पदार्थ अमाइन असणार. लॅटिनमध्ये ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. म्हणून 1912 साली त्याने नाव दिलं व्हिटा-अमाइन, व्हिटामाइन. अमाइनच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ असतो, तसा यातही होता.

मग कळलं की कोंड्यातल्या त्या पदार्थात नायट्रोजन आहे खरा, पण बाकीच्यांत असलाच पाहिजे असं नाही. आवळ्यात, पेरूत, लिंबात असतं त्या व्हिटॅमिन सीमध्ये नायट्रोजनचा एक अणूसुद्धा नाही. आता काय करायचं? नाव तर सगळ्यांच्या तोंडी झालेलं. 1920 साली जॅक ड्रमंड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक छोटीशी तोड सुचवली. नाव तेच राहू द्या, फक्त शेवटचा ‘ई’ काढून टाका, म्हणजे ते अमाइन आहे असं कुणाला वाटणार नाही. सगळ्यांना ते पटलं.

आता वहीत व्हिटॅमिनचं स्पेलिंग लिहा. व्ही, आय, टी, ए, एम, आय, एन. त्या ‘एन’च्या पुढे जी रिकामी जागा दिसतेय ना, तिथे होता तो ‘ई’.