२३ लाखांत दुबईचा गोल्डन व्हिसा? आधी हे गणित बघा

जुलै २०२५ मध्ये एक बातमी जोरात व्हायरल झाली. १ लाख दिरहम, म्हणजे साधारण २३ लाख ३० हजार रुपये भरा आणि युएईचा आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा मिळवा! चांगल्या मोठ्या माध्यमांनीही ती चालवली. ८ जुलैला युएईच्या सरकारी यंत्रणेनेच सांगितलं की अशी योजना नाही, आणि अर्ज घ्यायला कुठल्याही सल्लागार कंपनीला परवानगी दिलेली नाही. पुढे संबंधित कंपनीने माफीही मागितली.

मग खरा गोल्डन व्हिसा कितीला पडतो?

प्रॉपर्टीच्या मार्गाने जायचं तर किमान २० लाख दिरहमचं घर घ्यावं लागतं. आपल्या पैशात साडेचार कोटींच्या वर. व्हिसा १० वर्षांचा मिळतो आणि अटी पूर्ण होत असतील तर पुढे वाढवता येतो. नेहमीचा व्हिसा सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर रद्द होऊ शकतो, याला ती भीती नाही. पण हा फक्त राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो.

आता समजा, बुलढाणा जिल्ह्यात मेहकर किंवा सिंदखेडराजाकडच्या एका कुटुंबाची जमीन समृद्धी महामार्गात गेली, मोबदला आला, धंद्यातलेही पैसे आहेत. पाच कोटी बँकेत पडून आहेत. मग उचलले आणि पाठवले दुबईला?

नाही जमत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. त्याचे होतात सुमारे ९ लाख १८ हजार दिरहम. नवरा-बायको दोघांचे धरले तरी १८ लाख ३६ हजार. २० लाखांचा आकडा गाठायला घरातला तिसरा माणूस हवा, नाहीतर काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये, नवीन आर्थिक वर्ष लागल्यावर पाठवावी लागते.

त्यात टीसीएस आहे. अशा गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के कापून घेते. एक कोटी पाठवले तर १८ लाख वेगळे काढून ठेवायचे. रिटर्न भरताना ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकलेच. पाच कोटीवाल्याचं गणित नेमकं इथेच फसतं.

‘पैसे इथे रोख द्या, दुबईत दिरहम घ्या’ असं कुणी सांगत असेल तर तो सरळ हवाला आहे.

आणखी एक गैरसमज म्हणजे व्हिसा मिळाला की भारतातला कर संपला. वर्षातले १८२ दिवस किंवा जास्त भारतात काढलेत तर करासाठी तुम्ही इथलेच रहिवासी. दुबईचं घर आणि त्याचं भाडं रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. परदेशी मालमत्ता लपवली तर काळा पैसा कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

बाकी देशांकडे बघायचं तर पोर्तुगालने २०२३ मध्ये घर घेऊन परवाना मिळवण्याचा मार्ग बंद केला, तर स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ही योजनाच गुंडाळली. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर जात होत्या, हे तिथलं मोठं कारण. अमेरिकेच्या ईबी-५ साठी किमान ८ लाख डॉलर आणि १० लोकांना रोजगार, अशी अट आहे.

म्हणून २३ लाखांची ऑफर घेऊन कुणी आलं, तर त्याला आधी विचारा: अर्ज युएईच्या कुठल्या सरकारी पोर्टलवर भरणार, आणि पैसे माझ्या बँक खात्यातून कुणाच्या नावावर जाणार?