ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवताय? मग 'कमीत कमी व्हर्जन' कोणतं लिहायचं?



समजा, तुम्ही टेमघरला राहता आणि भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्यांसाठी कापडाच्या ताग्यांचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर बनवलंय. कोड सगळ्यांना खुला, पैसे मात्र बसवून देण्याचे आणि सर्व्हिसचे. हा धंदा चालतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा, कोड फुकट आणि कमाई होस्टिंग-सपोर्टमधून.

आता कोडसोबत एक ओळ लिहावी लागते: 'बिल्ड करायला अमुक टूलचं किमान अमुक व्हर्जन हवं.' बिल्ड टूल म्हणजे तुमच्या कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणारं साधन. बहुतेक जण आपल्या लॅपटॉपवर जे असेल तोच आकडा टाकून मोकळे होतात. गडबड इथेच होते.

समजा कारखान्याच्या ऑफिसात अजून विंडोज ७ चा पीसी आहे आणि तुमचा प्रोग्राम गो भाषेत आहे. विंडोज ७ वर चालणारं गोचं शेवटचं व्हर्जन १.२०. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.२१ पासून किमान विंडोज १० लागतं. म्हणजे अपग्रेड तुम्ही तुमच्या घरी केलं आणि बंद पडलं शेठचं काम, तेही महिनाअखेरीला! शेठ एवढंच म्हणणार, "काल तर चालत होतं."

मग १.२० वरच थांबायचं का? तेही महागात पडतं. गोवाले फक्त शेवटच्या दोन मोठ्या व्हर्जनना सुरक्षेच्या दुरुस्त्या देतात, त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ आलं आणि १.२० चा सपोर्ट संपला. माझं मत स्पष्ट आहे: पीसी इंटरनेटला जोडलेला असेल तर शेठना पीसी बदलायला सांगा. नुसता ऑफलाइन हिशेब असेल तर जुनी आवृत्ती वेगळी ठेवा, पण तिच्या देखभालीचे वेगळे पैसे घ्या.

दुसरी बाजू मदतनीसांची. सी प्लस प्लसवाले सीमेक वापरतात. उबुंटू २२.०४ सोबत सीमेक ३.२२ येतं, २४.०४ सोबत ३.२८. तुम्हाला ३.२८ मधली एकही नवीन सोय लागत नसताना तोच आकडा लिहिलात, तर २२.०४ वापरणारा कॉलेजचा पोरगा पहिल्याच कमांडला अडकतो. तो परत येत नाही हो! पण फार खालीही जाऊ नका. मार्च २०२५ च्या सीमेक ४.० ने ३.५ च्या खालची सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे '२.८' लिहिलेले जुने प्रोजेक्ट त्यावर सुरूच होत नाहीत.

जो आकडा लिहाल, त्याच व्हर्जनवर प्रत्येक बदलानंतर बिल्ड करून बघा. खुल्या कोडसाठी गिटहब ॲक्शन्सवर हे फुकटात होतं. आकडा वाढवायचा तर मोठ्या रिलीजमध्ये आणि आधी कळवून. छोट्या दुरुस्तीत गुपचूप नाही.

आणि कोटेशनमध्ये दराच्या खालीच लिहा: 'विंडोज १० किंवा त्यापुढचं आवश्यक.'